डावीकडचे चंडोल

९ एप्रिल

भुंग्या,

तुझं पत्र मिळालं. फोन करतो म्हणालास, तो करू नकोस. या घरातली लाइन दिवसेंदिवस बिघडत चालली आहे. तुझा आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो आणि मी आपली ‘हो, हो’ म्हणत राहते. मागच्या वेळी कशाकशाला हो म्हणाले ते मला अजून कळलेलं नाही. त्यापेक्षा पत्र लिही. तुझं अक्षर कोंबडीचे पाय असलं तरी चालेल. बत्तीस वर्षं मोजणीदारांची अक्षरं लावून मी नकाशे काढले आहेत.

माझं छान चाललंय. शेजारच्या सुताराला अखेर अक्कल आली. पूर्वी पहाटे सहाला त्याची ठोकाठोक सुरू व्हायची, आता मी सात वाजेपर्यंत गाढ झोपते. म्हातारपणात एवढं सुख मिळालं तर कुणाला नकोय?

रविवारी चंडोलांची मोजणी केली. तुला ती वाट आठवत असेल. लहानपणी एकदा आला होतास आणि पाचव्या मिनिटाला पाय दुखतात म्हणून बसला होतास. जुन्या धावपट्टीच्या कडेने, पहारेकऱ्याच्या रिकाम्या खोलीपासून पाण्याच्या टाकीपर्यंत दोन किलोमीटर. विमानं बंद झाली, गवत राहिलं आणि गवतात चंडोल राहिले. चंडोल गायला लागला की वर वर चढत जातो आणि ठिपका होऊन दिसेनासा होतो, म्हणून तो डोळ्यांनी मोजता येत नाही, कानांनीच मोजावा लागतो. डावीकडे गाणारा वहीच्या डाव्या पानावर, उजवीकडचा उजव्या. टाकीपाशी वही मिटायची आणि डांबरी रस्त्याने घरी यायचं. बावीस वर्षं यात बदल नाही.

यंदा डावीकडे सत्तावीस, उजवीकडे तीन.

उजवीकडे काय झालंय ते सांगते. चार वर्षांपूर्वी तिथे एक मेंढीवाली आली. चाळीस मेंढ्या, पायांत पुरुषी बूट, आणि चेहरा असा की मी तिचं काही खाल्लंय. मी लांबून मान हलवली तर ती तोंड फिरवते. तिच्या मेंढ्यांनी गवत कातरून टाकलंय, वर जागोजागी काठ्या रोवून ठेवल्या आहेत, बापाची जागा असल्यासारख्या. ती आल्यापासून चंडोल बिचारे एकेक करून डाव्या बाजूला राहायला आले.

मैदान समितीला मी तसा अहवाल दिला आहे, काठ्यांसकट. तिचा चराईचा परवाना दोन जूनच्या बैठकीत पुन्हा द्यायचा की नाही ते ठरेल. समिती माझा शब्द मोडत नाही, त्यामुळे ठरल्यातच जमा आहे. मला आनंद होतोय असं समजू नकोस. पण पक्ष्यांची बाजू कुणीतरी घ्यायला हवी.

तुझी,
आत्या


१८ एप्रिल

आत्या,

कोंबडीचे पाय तुला सलाम करतात.

संग्रहालयात सध्या माझ्या नशिबी अकरा खण आले आहेत. प्रत्येकात शंभरेक पक्षी, पोटात कापूस, पायाला चिठ्ठी, सगळे उताणे. सगळे मातकट, सगळ्यांच्या छातीवर काळपट रेघा. कुठल्याशा साहेबाने दीडशे वर्षांपूर्वी चंडोल आणि तिरचिमण्या एकत्र भरून ठेवल्या आणि तो सुखाने निवृत्त झाला, पुढचे लोक त्यातच भर घालत गेले. मला त्या वेगळ्या करायच्या आहेत. दुपारपर्यंत मला आरशातला माझा चेहराही मातकट दिसायला लागतो.

पुस्तकातली लक्षणं पाठ आहेत. पण मी फक्त मेलेले पक्षी ओळखतो, जिवंत पक्ष्यांशी माझी ओळख त्या पाचव्या मिनिटालाच संपली. तू या दोघांना लांबून, चालता चालता, कशी वेगळं करतेस ते लिही. पुस्तकी नको, तुझं तुझं लिही.

आणि एक काम. गेल्या पाच वर्षांचे मोजणीचे आकडे पाठव, डावे-उजवे वेगवेगळे. कपाटाच्या दारावर लावतो. इथे सगळं मेलेलं असताना कुठेतरी तीस चंडोल गातायत एवढं वाचलं तरी बरं वाटेल.

हिवाळ्यात तुझ्याकडे चार दिवस राहिलो, त्याची आठवण अजून पुरतेय. तुझ्या टेबलाशी त्या खिडकीकडच्या खुर्चीत मी पुन्हा बसणार आहे, सांगून ठेवतो.

तुझा,
भुंगा


२६ एप्रिल

भुंग्या,

मेलेल्या पक्ष्यांच्या डॉक्टरा, ऐक.

तिरचिमणी चालते ती नाजूक, शेपटी खालीवर करत, चप्पल हरवलेल्या पाहुणीसारखी इकडेतिकडे बघत. चंडोल पोट जमिनीला लावून, गुडघे वाकवून, आपल्याच तोऱ्यात चालतो. तिरचिमणी सडपातळ, चोच सुईसारखी. चंडोल गलेलठ्ठ, चोच जाड, दाणे फोडायला केलेली. चंडोलाला डोक्यावर तुरा असतो, पण तो मनात असेल तेव्हाच उभा करतो, म्हणून तुऱ्यावर विसंबू नकोस. तुझ्या खणात तर सगळ्यांचेच तुरे बसलेले असणार. तिथे मागच्या बोटाची नखी बघ. चंडोलाची लांब आणि जवळपास सरळ, उघड्या जमिनीवर चालणाऱ्याला टेकू असावा तशी.

आणि गाणं. तिरचिमणी थोडी वर जाते, चार सूर म्हणते आणि तिरकी घसरत खाली येते. चंडोल चढतच राहतो. मान मोडेपर्यंत बघितलं तरी दिसत नाही आणि गाणं मात्र डोक्यावर सांडत असतं. साठी उलटली तरी मला ते ऐकलं की उगाच हसू येतं. कुणी बघत नाही ना ते बघून मी हसून घेते.

आकडे असे. पाचांतल्या पहिल्या वर्षी, मेंढीवाली यायच्या आधी, डावीकडे चौदा, उजवीकडे सतरा. मग अठरा आणि बारा. मग एकवीस आणि आठ. मग चोवीस आणि पाच. यंदा सत्तावीस आणि तीन. लाव कपाटावर. बघणाऱ्याला सगळं आपोआप कळेल.

तू विचारायच्या आधीच सांगते, घरटी तीन मिळाली, तिन्ही उजवीकडे. एक तर मेंढीच्या खुराच्या खड्ड्यात, त्यात काटक्या-गवत लावून चार अंडी. अशा हट्टी जोड्या असतात. सगळा गाव उठून गेला तरी कुणीतरी घर धरून बसतंच.

सुतार अजून शहाण्यासारखाच वागतोय.

आत्या


४ मे

आत्या,

नखीचं सोनं झालं. पहिल्या खणातले एकोणीस पक्षी हलवले. चप्पल हरवलेली पाहुणी आता मला प्रत्येक तिरचिमणीत दिसते.

तुझे आकडे कपाटावर लावले आहेत. येता-जाता वाचतो. वाचता वाचता सवयीने बेरीज केली. एकतीस, तीस, एकोणतीस, एकोणतीस, तीस. आत्या, पाच वर्षांत एक चंडोल कमी झालाय. मेंढ्यांनी त्यांना पळवलं असतं तर ते पळाले कुठे? डावीकडे. म्हणजे चौदांच्या जागेत सत्तावीस. चंडोल आपली हद्द अशी वाटून देतो का? तू मला एकदा सांगितलं होतंस की एक नर दुसऱ्याला हातभर आत येऊ देत नाही. आणि तिन्ही घरटी मेंढ्यांच्या बाजूला. मला हे जुळत नाही.

दुसरी गोष्ट. तिसऱ्या खणात एक पक्षी मिळाला, त्याच्या पायाला चिठ्ठी आहे, बारीक सुबक नकाशाचं अक्षर, ‘चंडोल, नर, धावपट्टीच्या कडेला मेलेला मिळाला’. तुझं अक्षर. तू नोकरीला लागलीस त्या वर्षाची तारीख. नखी आखूड, चोच सुई. तिरचिमणी आहे, आत्या.

घाबरू नकोस, तुझी चिठ्ठी मी काढली नाही. इथला नियमच आहे, जुनी चिठ्ठी कधी काढायची नाही, फाडायची नाही, खोडायचीही नाही. नवी लिहायची आणि त्याच पायाला खाली बांधायची. काही पक्ष्यांच्या पायाला चार-चार चिठ्ठ्या आहेत. चुकलेल्या माणसाचं नावही पक्ष्याबरोबर राहतं, कुणाला त्यात कमीपणा वाटत नाही.

तर एक विनंती. एकदा मोजणी उलटी कर. टाकीपासून निघ आणि खोलीपर्यंत ये. एकदाच. दोन जूनच्या आधी.

भुंगा


९ मे

चिरंजीव भाचा यांस,

ती तिरचिमणी मी एकवीस वर्षांची असताना ओळखली होती. तेव्हा तुझा जन्मही झाला नव्हता, त्यामुळे तुला हसायचा अधिकार नाही.

मोजणी उलटी होणार नाही. खोलीपासून निघालं की सकाळचं ऊन पाठीवर राहतं, टाकीकडून निघालं की डोळ्यांत येतं. बावीस वर्षांचे आकडे एका दिशेचे आहेत, तेविसाव्या वर्षी दिशा बदलली की सगळं मुसळ केरात. एवढं तुझ्या संग्रहालयात शिकवत नाहीत का?

त्या मेंढीवालीची वकिली करायला तुला कुणी नेमलंय ते कळव. परवा ती मला समोरून आडवी गेली, बघितलं न बघितल्यासारखं केलं. अशा माणसासाठी तू माझ्या वहीवर संशय घेतोस.

गुडघे बरे आहेत. विचारलं नाहीस, तरी सांगते.

आत्या


१३ मे

आत्या,

गुडघ्यांचं विचारायला हवं होतं, चुकलं.

वहीवर संशय नाही. तुझ्या वहीइतकी नीट वही मी या इमारतीत पाहिली नाही. फक्त एक सांगतो. आमच्याकडे पक्ष्यांचं वजन करायला एक जुना दोन पारड्यांचा तराजू आहे. त्यावर वजन करताना पक्षी आधी डाव्या पारड्यात ठेवतात, मग उजव्या. दोन्हीकडे सारखं भरलं तरच लिहितात. तराजू चांगला आहे, घेणाराही चांगला आहे, तरी अदलाबदल करतातच. कुणाला राग येत नाही. तराजूलाही येत नाही.

एका बाईचं चाळीस मेंढ्यांचं घर या पारड्यात आहे. म्हणून म्हटलं. बाकी तू म्हणशील ते.

भुंगा


२४ मे

भुंग्या,

अकरा दिवस लिहिलं नाही. आधी तुझा राग आला म्हणून, मग स्वतःचा.

तुझं तोंड बंद करावं एवढ्याच हेतूने मी रविवारी टाकीपासून निघाले. ऊन डोळ्यांत, टोपी पुढे ओढून. मेंढ्यांची बाजू आता माझ्या डाव्या हाताला. अर्ध्या वाटेवर गेले तोवर मेंढ्यांकडच्या पानावर बारा खुणा झाल्या होत्या आणि लांब गवताकडच्या पानावर दोन. खोलीपाशी पोचले तेव्हा मेंढ्यांकडे सव्वीस, गवताकडे चार. दीड महिन्यापूर्वी याच्या बरोब्बर उलट. तेवीस चंडोलांनी सामानसुमान उचलून घर बदललं म्हणायचं?

मी तिथेच वळले आणि तशीच परत टाकीकडे गेले. गवताकडे पंचवीस, मेंढ्यांकडे तीन.

मग मी धावपट्टीच्या मधोमध उभी राहिले. एक चंडोल वर गात होता, माझ्या डाव्या हाताला. मी जागच्या जागी अर्धं वळले. तो अजून डाव्या हाताला. पुन्हा वळले. पुन्हा डाव्या हाताला. लहान मुलीसारखी मी तिथे गोल गोल फिरत होते आणि तो मेला माझ्याबरोबर फिरत होता.

डाव्या कानावर हात ठेवला आणि सगळं आभाळ बंद झालं.

नकाशा काढणाऱ्या बाईला उत्तर कुठे आणि दक्षिण कुठे ते कळू नये, तसं झालं मला. धावपट्टीवर बसले आणि रडले. कुणी नव्हतं, फक्त मेंढ्या होत्या, त्या चरत राहिल्या.

रात्री उजव्या कुशीवर झोपले. वीस वर्षं मी डाव्या कुशीवर झोपते, म्हणजे चांगला कान उशीत आणि निकामी कान वर. पहाटे सहाला सुताराची ठोकाठोक सुरू झाली. तो एक दिवसही शहाणा झाला नव्हता. फोन डाव्या कानाला लावून बघितला, लाइन ठणठणीत आहे.

डॉक्टरकडे जाऊन आले. मळ असेल अशी मला मोठी आशा होती. थोडा निघाला, पण चंडोल काही परत आले नाहीत. नस दुबळी झाली आहे, चार-पाच वर्षांत हळूहळू, म्हणाले. एका कानाने आवाज येतो, पण कुठून येतो ते कळत नाही. सगळं चांगल्या कानाच्याच बाजूने आल्यासारखं वाटतं. नेमकी तीच चार वर्षं, जी मी मेंढीवालीच्या नावावर लिहिली.

आता मला काय वाटतंय ते लिहिते, नंतर धीर होणार नाही. मला लाज वाटते. कानाची नाही, त्या अहवालाची. मी तिथे छातीठोकपणे लिहिलंय, ‘मेंढ्यांमुळे पक्ष्यांचे स्थलांतर’. समितीसमोर उभं राहून माझा कान गेला म्हणून सांगायचं म्हणजे बावीस वर्षांच्या वहीवर पाणी सोडायचं. पुढच्या वर्षी मोजायला कोण बोलावणार मला? एक मन म्हणतं, प्रकृतीचं कारण सांगून अहवाल गुपचूप मागे घ्यावा.

तुला माहीत होतं का?

आत्या


२७ मे

आत्या,

माहीत नव्हतं. संशय होता.

हिवाळ्यात खिडकीकडच्या खुर्चीत बसायचो तेव्हा मी तुझ्या उजव्या हाताला असायचो. तिथून विचारलेल्या प्रश्नांना तू उत्तर द्यायचीस ते भलत्याच प्रश्नांचं, नाहीतर द्यायचीच नाहीस. मला वाटलं, मी कंटाळवाणा झालो. शेवटच्या दिवशी खुर्ची दुसरीकडे ओढली तर तू तासभर गप्पा मारल्यास. तेव्हा पाल चुकचुकली. पण ‘आत्या, तुझा कान तपासून घे’ म्हटलं असतं तर तू माझाच कान धरला असतास. आणि मला खात्रीही नव्हती. म्हणून चंडोलांनाच विचारायला लावलं. सरळ बोललो नाही, त्याबद्दल माफ कर. आकडे मागितले ते कपाटासाठीच, हे मात्र खरं आहे. बेरीज नंतर सुचली.

वहीवर पाणी सोडायचं कशाला? पहिल्या सतरा-अठरा वर्षांना काहीही झालेलं नाही. पुढच्या चार-पाच वर्षांच्या बेरजाही जवळपास बरोबर आहेत, फक्त बाजू चुकली. तिसऱ्या खणातली तिरचिमणी आठव. तुझी चिठ्ठी तिच्या पायाला अजून आहे, खाली माझी आहे, आणि दोन्हींमुळे तो पक्षी आता कुठल्याही चंडोलापेक्षा जास्त खरा आहे.

गुपचूप मागे घेऊ नकोस. कारण न सांगता मागे घेतलास तर समिती म्हणेल, बाई भिडेखातर गप्प बसल्या, आणि परवाना तसाही जाईल. नवी चिठ्ठी बांध, आत्या. सगळ्यांना वाचता येईल अशी.

मी आलो असतो, पण तुला आवडलं नसतं.

भुंगा


४ जून

भुंग्या,

आला असतास तर खरंच आवडलं नसतं. पण बैठकीच्या खोलीत शिरताना तू असावास असं वाटलं, हेही लिहून टाकते.

सगळे होते. औषधांच्या दुकानाचे मालक ते अध्यक्ष, निवृत्त पोस्टमास्तर, बागेवाल्या बाई. मागच्या बाकावर मेंढीवाली, बूट पुसून आलेली, हातात परवान्याचा घडी पडलेला कागद. माझा अहवाल अध्यक्षांनी आधी सगळ्यांसमोर वाचून दाखवला, म्हणाले, ‘‘बाईंनी स्पष्टच लिहिलंय, चर्चेला काही उरलेलं नाही.’’

मी उभी राहिले. कागद उलगडला. म्हटलं, ‘‘अहवालाला आणखी एक कागद जोडायचा आहे.’’ आणि वाचला. जातानाचे आकडे, येतानाचे आकडे, कान, डॉक्टर, सुतार, सगळं. सुताराचा भाग आला तेव्हा पोस्टमास्तर हसले. मग मीही हसले, आणि मग बोलणं सोपं झालं. शेवटी लिहिलं होतं, ‘तिन्ही घरटी चरलेल्या बाजूला मिळाली. आखूड गवत आणि मधली उघडी जमीन चंडोलाला लागतेच. मेंढ्यांमुळे पक्षी गेले हे माझं विधान चुकीचं आहे. जुना अहवाल फाडू नये, हा कागद त्याला जोडून ठेवावा.’

अध्यक्षांनी विचारलं, ‘‘म्हणजे मेंढ्या राहू द्यायच्या?’’

‘‘राहू द्याच. नाहीतर गवत कमरेएवढं वाढेल आणि मग खरंच जातील.’’

परवाना झाला. तीन वर्षांचा.

बाहेर पायऱ्यांवर ती मागून आली. मला कळलं नाही, बागेवाल्या बाईंनी खूण केली तेव्हा वळले. ती काहीतरी बोलत होती. मी म्हटलं, ‘‘या बाजूने बोला.’’ ती फिरून डावीकडे आली आणि पहिल्यांदा मी तिचा आवाज ऐकला. चांगला खणखणीत आवाज आहे, माझं दुर्दैव.

म्हणाली, ‘‘चार वर्षं झाली, तुम्ही वही घेऊन जाताना दिसलात की मी हाक मारून विचारते, आज किती? तुम्ही आभाळाकडे बघत सरळ पुढे. मला वाटलं, ऑफिसातल्या मोठ्या बाई, मेंढीवालीला कशाला उत्तर देतील. मग मीही बघायचं सोडलं.’’

तिची जागा वाटेच्या उजवीकडे, हे तुला सांगायला नको.

मी काठ्यांचं विचारलं. ती म्हणाली, ‘‘घरटं दिसलं की बाजूला काठी रोवते. मेंढ्या तिथून वळवते. दरवर्षी दहा-बारा तरी असतात.’’ दहा-बारा, भुंग्या. मला तीन मिळाली होती आणि काठ्यांची तक्रार मी अहवालात केली होती. तीही तिने ऐकून घेतली असणार, सगळ्यांसमोर वाचली गेली तेव्हा. मी माफी मागितली. ती म्हणाली, ‘‘असू दे, तुम्हाला ऐकूच येत नव्हतं तर तुम्ही तरी काय करणार.’’ इतकं साधं म्हणाली की मला पुन्हा रडायला येईल असं वाटलं, म्हणून मी तिला काठ्या बुटक्या रोवायला सांगितलं. उंच काठीवर कावळा बसतो आणि घरट्यात डोकावतो. ‘‘बरं,’’ म्हणाली.

आत्या


८ जून

आत्या,

पत्र खणांच्या खोलीत उभ्यानेच वाचलं. शेजारच्या टेबलावर बेडूक मांडणारे गृहस्थ आहेत, त्यांनी विचारलं, काय झालं? मी म्हटलं, आमच्या आत्याने चिठ्ठी बांधली. त्यांना काही कळलं नाही, पण चहा पाजला.

अकरापैकी सात खण झाले. पुढच्या हिवाळ्यात येतोय. खुर्ची कुठल्या बाजूला ठेवायची ते आता ठाऊक आहे. तोवर, हंगाम संपायच्या आत एकदा मोजणी पुन्हा होईल का? खरे डावे-उजवे कळले तर कपाटावरच्या कागदाखाली आणखी एक कागद लावीन.

भुंगा


१६ जून

भुंग्या,

झाली.

तिलाच विचारलं. म्हटलं, मला एक उजवा कान हवाय, दोन किलोमीटरपुरता. ती म्हणाली, मेंढ्या सोडून कशी येऊ? मग मेंढ्यांसकट निघालो. अशी मोजणी जगात कुणी केली नसेल. खोलीपासूनच निघालो, ऊन पाठीवर घेऊन, आणि ती माझ्या उजव्या हाताला. गाणं आलं की आम्ही थांबायचो. मी म्हणायचे, आहे. ती बोट दाखवायची, तिकडे. तिचं बोट जिकडे, तिकडच्या पानावर खूण. मेंढ्या बें-बें करायला लागल्या की ती त्यांना दटावायची, आणि त्या खरंच गप्प बसायच्या.

चंडोल आणि तिरचिमणी तिला मी काय शिकवणार? तिने दोघांना नावं दिली आहेत, ‘चढणारा’ आणि ‘घसरणारी’. तुझ्या खणांवर हीच नावं लाव, कुणी चुकणार नाही.

मागच्या चार वर्षांच्या पानांना मी एकेक कागद टाचला आहे. खाली लिहिलंय, ‘बेरीज ग्राह्य, बाजू चुकली, कान उजवा’. खोडलं काही नाही. या नव्या मोजणीच्या पानावर सही दोघींची आहे.

फोन करायचा असेल तर कर आता, डाव्या कानाला लावते. पण पत्रंही लिहीत जा. मला त्यांची सवय झाली आहे, आणि कोंबडीचे पाय पोस्टमनलाही ओळखीचे झाले आहेत.

टाकीपाशी पोचल्यावर मी कठड्यावर बसून बेरीज करत होते. डावीकडे पंधरा, उजवीकडे सोळा. ती मेंढ्या वळवून आली, वळसा घालून माझ्या डाव्या बाजूला उभी राहिली, माझी पेन्सिल थांबेपर्यंत थांबली आणि मग तिने विचारलं, ‘‘आज किती?’’

मी म्हटलं, ‘‘एकतीस.’’

तुझी,
आत्या